ईएलएम ३२७ स्कॅनर : गाडी घरी दुरुस्त करायला शिकणाऱ्यासाठी कितपत उपयोगी?

डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, की बहुतेक गाडीमालक गाडी सर्व्हिस सेंटरला नेतात, स्कॅनिंगचे पैसे भरतात आणि समोर येईल त्या अंदाजपत्रकावर सही करतात. दिवा नेमका कशामुळे लागला, कोणता भाग का बदलला आणि तो बदलणे खरोखर गरजेचे होते का, यांपैकी काहीही त्यांना कळत नाही. ब्लूटूथने मोबाइलला जोडला जाणारा, आगपेटीहून थोडा मोठा असलेला ईएलएम ३२७ जातीचा स्कॅनर ऑनलाइन बाजारात साधारण चारशे ते आठशे रुपयांत मिळतो आणि ही माहिती मालकाच्या हातात आणून देतो. गाडीची किरकोळ कामे स्वतः करायला शिकण्याची मनापासून इच्छा असलेल्यांसाठी हे परीक्षण आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. केवळ दिव्याचा कोड वाचण्यापुरता हा स्कॅनर घेतला, तर त्याचा निम्माही उपयोग होत नाही. मात्र चालू इंजिनाचे आकडे पाहण्याची सवय लावून घेतली, तर इंजिन कसे चालते हे समजून घेण्यासाठी इतक्या कमी पैशांत याहून चांगले साधन मला माहीत नाही. एक पेट्रोल स्विफ्ट आणि नात्यातली एक सीएनजी बसवलेली वॅगन-आर, अशा दोन गाड्यांवर मी तो नियमित वापरतो.

विकत घेण्यापूर्वी आपली गाडी या स्कॅनरशी बोलेल का, हे तपासणे आवश्यक आहे. इंजिनाचा संगणक, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ईसीएम, आपल्या सेन्सरांवर आणि पर्यायाने धुरावर सतत लक्ष ठेवतो आणि बिघाडाची नोंद ठरावीक कोडच्या रूपात करतो. या व्यवस्थेला ओबीडी म्हणतात. अमेरिकेत तिची दुसरी पिढी १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीची झाली. आपल्याकडे बीएस-४ (भारत स्टेज-४, म्हणजे गाडीच्या धुराचे सरकारी मानक) गाड्यांना एप्रिल २०१० पासून ओबीडी-१ आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ लागू झाले. येथे एक मेख आहे. बीएस-४ सुरुवातीला केवळ १३ शहरांत आले, त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होते. संपूर्ण देशात ते एप्रिल २०१७ मध्ये लागू झाले. त्यामुळे २०१३ ते २०१७ या काळातली जुनी गाडी घेतलेली असेल, तर निव्वळ सालावर विसंबू नये आणि गाडी कोणत्या मानकाची आहे ते कागदपत्रांवरून पाहून घ्यावे. २०१० पूर्वीच्या काही गाड्यांत सोळा पिनांचे सॉकेट दिसते, पण त्यामागची बोली कंपनीची स्वतःची असते आणि हा स्कॅनर तिथे मुका राहतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांच्या बाबतीत अशी शंका घेण्याचे कारण नाही. सॉकेट स्टिअरिंगच्या खाली, बहुधा चालकाच्या गुडघ्याच्या वर असते आणि कधीकधी त्यावर प्लास्टिकचे झाकण असते.

या उपकरणाचा इतिहासही ग्राहकाच्या कामाचा आहे. ईएलएम ३२७ ही मूळची एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कॅनडातल्या छोट्या कंपनीची चिप. तिच्या पहिल्या आवृत्तीतल्या प्रोग्रामला नक्कल होऊ नये असे संरक्षण नव्हते. त्यामुळे नकला निघाल्या, त्या जगभर पसरल्या आणि २०२२ मध्ये मूळ कंपनीने आपला व्यवसाय बंद केला. म्हणजेच आज ज्या निळ्या पारदर्शक डब्या विकल्या जातात त्या जवळपास सगळ्या नकलाच आहेत, आणि दोन सारख्या दिसणाऱ्या डब्यांच्या आत वेगवेगळा माल असू शकतो. पुष्कळ डब्यांवर ‘आवृत्ती १.५’ असे छापलेले असते, पण मूळ कंपनीने या क्रमांकाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. ‘२.१’ असे छापलेल्या स्वस्त डब्या तर बऱ्याचदा १.५ वाल्यांपेक्षाही अपुऱ्या असतात, कारण त्यांच्यात कित्येक आज्ञा भरलेल्याच नसतात. डबीवरचा मोठा आकडा पाहून माल निवडू नये, हे सांगण्यासाठी एवढा तपशील दिला.

जोडणी सोपी आहे. किल्ली ऑनवर ठेवून डबी सॉकेटमध्ये बसवावी, फोनच्या ब्लूटूथमध्ये १२३४ किंवा ०००० हा पिन देऊन जोडावी आणि मग ॲपमध्ये ती निवडावी. अँड्रॉइडवर ‘टॉर्क’ हे जुने आणि ‘कार स्कॅनर’ हे तुलनेने नवे ॲप, दोन्ही चांगली आहेत. शिकणाऱ्याला दुसरे अधिक सोपे जाते. आयफोनधारकांनी मात्र साधी ब्लूटूथ डबी घेऊ नये, ती चालत नाही. त्यांना वायफायची किंवा ब्लूटूथ लो एनर्जीची डबी लागते.

आता मुख्य विषयाकडे. कोड म्हणजे काय आणि काय नाही, हे समजले नाही तर स्कॅनर माणसाला शिकवण्याऐवजी खर्चात पाडतो. समजा ॲपने पी०३०३ असा कोड दाखवला. पी म्हणजे इंजिन व गिअरबॉक्सचा विभाग, पुढचे शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान असलेला कोड, त्यानंतरचा तीन म्हणजे ठिणगी व मिसफायरचा गट, आणि शेवटचे आकडे सांगतात की तिसऱ्या सिलिंडरमध्ये जळण नीट होत नाही. गॅरेजच्या भाषेत गाडी मिसिंग मारते आहे. एवढेच. ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल गेली, ठिणगी पाडणारा प्लग गेला, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर तुंबला, कॉम्प्रेशन उतरले की उंदराने वायर कुरतडली, यांतले काहीही कोडने सांगितलेले नाही. कोड हे लक्षणाचे नाव आहे. कारण शोधण्याचे काम त्यानंतर सुरू होते आणि घरी शिकणाऱ्याला खरा आनंद त्यातच आहे.

ते काम स्विफ्टच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनावर कसे चालते, ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. आधी कोड लिहून ठेवावा आणि त्याच्यासोबत जतन झालेली ‘फ्रीझ फ्रेम’ पाहावी. बिघाड नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती होते, पाणी किती तापले होते, गाडी किती वेगात होती, हे सगळे त्यात असते. मग इंजिन थंड होऊ द्यावे आणि किल्ली काढून घ्यावी. वाटेत येणारी एअर फिल्टरची जोडणी बाजूला केल्यावर चार प्लगांवर चार कॉइली ओळीने बसलेल्या दिसतात. टायमिंग चेनच्या, म्हणजे अल्टरनेटरचा पट्टा असतो त्या बाजूने मोजत गेल्यास तिसरी सापडते. तिच्या कनेक्टरचे कुलूप अंगठ्याने दाबून तो सरळ मागे ओढावा, वायर धरून कधीही ओढू नये. दहा नंबरचा बोल्ट काढला, की कॉइल हलकेच डावी-उजवीकडे फिरवून वर घेता येते. तशीच दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढावी आणि दोघींची जागा बदलावी. बोल्ट पहिले काही फेरे हातानेच फिरवून बसवावेत, म्हणजे आटे बिघडत नाहीत. मग कोड पुसून गाडी चालवावी. मिसिंग परत आले आणि या वेळी कोड पी०३०२ असेल, तर बिघाड कॉइलसोबत सरकला, म्हणजे दोषी कॉइलच. कोड पी०३०३ च राहिला, तर कॉइल निर्दोष ठरली, आणि हीच अदलाबदल आता प्लगची करायची. कॉइल काढली असतानाच आत डोकावून पाहावे: प्लगच्या खोबणीत तेल साचलेले असेल तर वरच्या कव्हरचे गॅस्केट गळते आहे, आणि पावसाळ्यात पाणी दिसले तर तेही मिसिंगला पुरेसे कारण आहे. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ठिणगी तिथून पळते आहे असे समजावे.

या सगळ्याला एक दहाचा पाना, प्लगची लांब गोटी (बोल्टावर बसणारा नळीसारखा पाना) आणि थोडा धीर यांपलीकडे काही लागत नाही. वर उल्लेख केलेल्या वॅगन-आरच्या मालकांना एका कार्यशाळेने सर्व कॉइली आणि सर्व प्लग एकदम बदलण्याचा सल्ला दिला होता आणि तसे अंदाजपत्रकही हातात ठेवले होते. अदलाबदलीच्या या साध्या चाचणीत एकच कॉइल सदोष निघाली. कार्यशाळेचा हेतू वाईटच होता असे मी म्हणणार नाही. एकेक भाग तपासायला लागणारा वेळ तिथे परवडत नाही, त्यामुळे संच बदलून मोकळे होण्याची पद्धत पडली आहे. पण घरी काम करणाऱ्याकडे वेळ असतो, आणि तीच त्याची जमेची बाजू आहे. एक सूचना मात्र गांभीर्याने घ्यावी: चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल, तर मिसिंग तीव्र आहे, न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळते आहे, आणि अशा वेळी गाडी दामटवत घरापर्यंत आणू नये. कॉइलपेक्षा कन्व्हर्टर कित्येक पटींनी महाग आहे.

कोड हा स्कॅनरचा प्रसिद्ध गुण असला, तरी त्याची खरी किंमत आहे ती चालू आकड्यांत, ज्याला ॲपमध्ये लाइव्ह डेटा म्हणतात. शिकण्याची सुरुवात यासाठी दिवा लागण्याची वाट न पाहता धडधाकट गाडीवर करावी, कारण निरोगी आकडे पाठ नसतील तर आजारी आकडे ओळखणार कसे? सकाळी, रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करण्यापूर्वी किल्ली ऑन करून दोन तापमाने पाहावीत: इंजिनातल्या पाण्याचे, म्हणजे कूलंटचे, आणि आत येणाऱ्या हवेचे. रात्रभर थंड झालेल्या गाडीत ही दोन्ही जवळपास सारखी आणि बाहेरच्या हवेशी जुळणारी असली पाहिजेत. त्यांच्यात मोठी तफावत असेल तर एक सेन्सर खोटे बोलतो आहे. आणि पुण्यासारख्या गावी एखाद्या सेन्सरने उणे ४० अंश दाखवले, तर तो सेन्सर जोडलेलाच नाही किंवा त्याची वायर तुटली आहे, इतके साधे आणि पक्के अनुमान काढता येते. एकही पाना न लावता झालेली ही पहिली तपासणी आहे.

मग इंजिन सुरू करून पाण्याचे तापमान चढताना पाहावे. ते काही मिनिटांत ऐंशीच्या वर जाते, थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, उघडतो, आणि पुढे बहुतेक गाड्यांत ते ८५ ते १०० अंशांच्या दरम्यान रेंगाळते. वाहतुकीत अडकल्यावर ते वाढत जाते, पंखा लागतो आणि ते पुन्हा खाली येते. हा खेळ एकदा डोळ्यांनी पाहिला, की कूलिंगची सगळी व्यवस्था समजते. येथे आपल्याकडच्या एका जुन्या खोडीविषयी लिहिणे भाग आहे. ‘गरम हवेच्या प्रदेशात थर्मोस्टॅटची गरज नाही’ असे म्हणून तो काढून टाकणारे मेकॅनिक आजही भेटतात, आणि जुनी गाडी विकत घेणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण डॅशबोर्डवरचा काटा किंवा इंजिन थंड असल्याचा निळा दिवा एवढा बारकावा दाखवत नाही. स्कॅनर दाखवतो. द्रुतगती मार्गावर सकाळच्या थंड हवेत गाडी तासभर चालूनही पाण्याचे तापमान साठ-सत्तरच्या आसपासच राहत असेल, तर थर्मोस्टॅट एक तर काढलेला आहे किंवा उघडा अडकला आहे. इंजिन आपण अजून थंडच आहोत असे समजून जास्त पेट्रोल घेते, ऑइल पुरेसे तापत नाही, त्यातली वाफ उडून जात नाही, आणि मालक मात्र ॲव्हरेज का पडले म्हणून टायरच्या हवेपासून पंपापर्यंत सगळ्यांवर संशय घेत बसतो. ओबीडी-२ मध्ये यासाठी पी०१२८ असा स्वतंत्र कोडही आहे. याउलट खंबाटकी घाटात एसी लावून चढताना आकडा एकशे पाचच्या पुढे जाऊ लागला आणि पंख्याचा आवाज येत नसेल, तर एसी बंद करून सुरक्षित जागी थांबावे आणि इंजिन थंड झाल्यावर पंख्याचा फ्यूज, रिले आणि कूलंटची पातळी पाहावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते आणि झाकण सैल होताच उसळून अंगावर येते.

दुसरा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा आकडा म्हणजे फ्युएल ट्रिम. पेट्रोल इंजिनात एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर धुरात किती ऑक्सिजन शिल्लक राहिला हे सांगतो आणि त्यावरून ईसीएम पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो. ही वाढ-घट टक्क्यांत दिसते: तात्कालिक ट्रिम क्षणाक्षणाला हलते, तर दीर्घकालीन ट्रिममध्ये ईसीएमने काळाच्या ओघात शिकलेली दुरुस्ती साठलेली असते. दोहोंची बेरीज शून्याच्या आसपास, पाच टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन सुखात आहे. दहापर्यंत चालवून घेता येते. त्यापलीकडे काहीतरी बिघडते आहे, मग दिवा लागलेला असो वा नसो. दिवा लागण्यापूर्वी कित्येक आठवडे ट्रिम सरकू लागलेली असते, म्हणून तिच्यावर नजर ठेवणाऱ्याला बिघाडाची चाहूल आधीच लागते.

यापुढची युक्ती शिकण्यासारखी आहे. आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, ट्रिम +१८ टक्क्यांच्या आसपास आहे, पण फेरे २,५०० पर्यंत नेल्यावर ती +४ वर येते, असे दिसले तर सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डला कुठेतरी बारीक गळती आहे आणि मोजणीत न आलेली हवा आत शिरते आहे. आयडलिंगला आत जाणारी एकूण हवा थोडी असते, म्हणून चोरून आलेल्या हवेचा वाटा मोठा ठरतो; फेरे वाढले की तीच गळती नगण्य होते. अशा वेळी इनटेकच्या रबरी नळ्या, ब्रेक बूस्टरची नळी आणि इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारी पीसीव्हीची नळी हाताने चाचपून, वाकवून पाहाव्यात. पाच-सहा उन्हाळे पाहिलेल्या रबराला वळणावर भेगा पडलेल्या असतात. उलट, आयडलिंगला सगळे ठीक आणि चढावर दाबून चालवताना ट्रिम वर वर जात असेल, तर पेट्रोल पुरत नाही: फिल्टर तुंबलेला, पंप थकलेला किंवा हवा मोजणारा सेन्सर मळलेला. एकच आकडा दोन परिस्थितींत पाहिला आणि संशयितांची यादी दोन ढिगांत वाटली गेली. निदानाची ही रीत एकदा हाताला बसली, की गॅरेजमध्ये कोणी ‘पेट्रोलचा पंप बदलावा लागेल’ म्हटल्यावर आपण शांतपणे विचारू शकतो की लोडवर ट्रिम किती आली होती.

महाराष्ट्रात सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांची संख्या मोठी आहे, म्हणून त्याविषयी थोडे. बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शिअल किटमध्ये गॅसचा स्वतःचा छोटा ईसीएम असतो. पेट्रोलचा ईसीएम इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायला सांगतो आहे ते तो पाहतो आणि त्या हिशेबाने गॅस सोडतो. किटची जुळणी बिघडलेली असेल, तर गॅसवर चालताना पेट्रोलचा ईसीएम ट्रिम वाढवून किंवा घटवून ती चूक सावरत राहतो, ती सवय दीर्घकालीन ट्रिममध्ये साठते, आणि सकाळी पेट्रोलवर सुरू होणारी गाडी धक्के देऊ लागते. लोक अशा वेळी प्लग बदलतात, थ्रॉटल बॉडी साफ करून घेतात, आणि तक्रार तशीच राहते. स्कॅनरवर पेट्रोलवरची ट्रिम पाहावी, मग त्याच फेऱ्यांवर गॅसवर जाऊन पुन्हा पाहावी; दोहोंत मोठे अंतर असेल तर गाडी किटवाल्याकडे जुळणीसाठी न्यावी. आकडे दाखवले की तोही नेमके काम करतो. गॅसची नळी, रेग्युलेटर किंवा टाकी यांना मात्र घरी हात लावू नये. भरलेल्या टाकीत सुमारे २०० बारचा दाब असतो आणि ते काम प्रशिक्षित माणसाचेच आहे.

आता त्याच्या मर्यादा. या वर्गातला स्कॅनर मुख्यतः इंजिन आणि धुराशी संबंधित माहिती वाचतो. एबीएस आणि एअरबॅग यांचे कोड प्रत्येक कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचे असतात. काही ॲप काही गाड्यांपुरते ते दाखवतात, पण त्यावर विसंबता येत नाही. ब्रेक पॅड किती झिजले, सस्पेन्शनचा बुश फाटला का, बॉल जॉइंट ढिला झाला का, यांना बहुतेक गाड्यांत सेन्सरच नसल्यामुळे स्कॅनर काही सांगत नाही, आणि गाडीची सुरक्षितता तर याच भागांवर अवलंबून असते. स्कॅनरमध्ये एकही कोड नाही म्हणजे गाडी ठणठणीत आहे, हा समज धोक्याचा आहे, विशेषतः जुनी गाडी विकत घेताना. तेव्हा आणखी एक गोष्ट तपासावी: ‘रेडीनेस मॉनिटर’ नावाच्या पानावर ईसीएमने स्वतः करायच्या बऱ्याच चाचण्या अपूर्ण दिसत असतील, तर विक्रेत्याने नुकतेच कोड पुसलेले असण्याची किंवा बॅटरी काढलेली असण्याची शक्यता मोठी आहे. कोड पुसण्याचे बटण हे या ॲपमधले सर्वांत मोहात पाडणारे आणि सर्वांत नुकसान करणारे बटण आहे. त्याने दिवा विझतो, बिघाड विझत नाही, आणि फ्रीझ फ्रेममधली अमूल्य माहितीही जाते. सगळे टिपून ठेवल्याशिवाय आणि दुरुस्ती केल्याशिवाय ते दाबू नये.

उपकरणात म्हणून काही दोष आहेतच. सॉकेटमधली सोळाव्या क्रमांकाची पिन थेट बॅटरीला जोडलेली असते, म्हणून गाडी बंद असतानाही डबी थोडी वीज खात राहते. आठवडा-दोन आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीत ती लावून ठेवली तर, विशेषतः जुनी बॅटरी असेल तर, सकाळी स्टार्टर फिरणार नाही. शिवाय १२३४ हा पिन सगळ्या जगाला माहीत असल्यामुळे ती कायम लावून ठेवणे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही योग्य नाही. काम झाले की काढून ठेवावी. स्वस्त डब्यांचा वेग बेताचा असतो. एकाच वेळी सात-आठ आकडे मागितले तर ते अडखळत येतात, म्हणून एका वेळी दोन-तीनच निवडावेत. वारंवार काढ-घाल केल्याने काही डब्यांच्या पिना सैल होतात आणि गाडी खड्ड्यातून गेली की संपर्क तुटतो. ही शेवटची तक्रार मला सर्वांत त्रासदायक वाटते, कारण नेमका धक्का बसतानाचे आकडे पाहायचे असतात आणि तेव्हाच पडदा गोठतो.

स्कॅनरच्या जोडीला काय घ्यावे, हा प्रश्न साहजिक आहे. सर्वप्रथम एक साधा डिजिटल मल्टीमीटर. स्कॅनर ईसीएमला दिसणारे व्होल्टेज दाखवतो, पण बॅटरीच्या टर्मिनलवर काय आहे ते मीटरच सांगतो: गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ च्या आसपास, आणि इंजिन चालू असताना सर्वसाधारणपणे १३.८ ते १४.५. त्यानंतर आठ ते एकोणीस नंबरचा गोटी पान्यांचा संच आणि रिंग पाने. हत्यारांत भलती काटकसर करू नये. नरम लोखंडाची गोटी बोल्टचे कोपरे गोल करते आणि अर्ध्या तासाचे काम अर्ध्या दिवसावर जाते. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतली टपारिया ही कंपनी १९६९ पासून स्वीडिश तांत्रिक सहकार्याने हत्यारे बनवू लागली, आणि तिचे पाने आजही वाजवी किमतीत कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. मला ते पिढ्यान्‌पिढ्या वापरण्याजोगे वाटतात. टॉर्क रेंच पुढे घेतला तरी चालेल, पण प्लग आणि चाकांचे नट स्वतः आवळू लागण्यापूर्वी घ्यावाच, आणि आवळण्याचा आकडा आपल्याच गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. गाडीखाली जायचे असेल तर जॅक स्टँडशिवाय जाऊ नये. गाडीसोबत येणारा जॅक पंक्चर झालेले चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर माणसाने गाडीखाली शिरणे हा जिवाशी खेळ आहे.

खरेदीबाबत माझी शिफारस अशी. पहिल्यांदाच शिकणाऱ्याने स्वस्त डबीच घ्यावी. आपल्याला या कामात रस टिकतो का, हे कळायला ती पुरेशी आहे. वर्षभराने लाइव्ह डेटाचा वेग कमी वाटू लागला किंवा गाडी अधिक गुंतागुंतीची असली, तर व्हीगेट कंपनीच्या किंवा त्याहून महाग असलेल्या ओबीडीलिंकच्या अडॅप्टरकडे, म्हणजे अशाच पण दर्जेदार डबीकडे, वळावे. ॲप आणि आतापर्यंतचे शिक्षण दोन्ही तसेच कामी येते. पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतही अशा डब्या मिळतात, आणि दुकानदाराच्या समोर आपल्याच गाडीत लावून पाहता येत असेल तर तिथूनच घेणे चांगले. ऑनलाइन घेतल्यास परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात. ॲप ईसीएमशी दरवेळी जोडले जाते का, की दोन-तीन प्रयत्न लागतात. इंजिनाचे फेरे ॲपमध्ये आणि डॅशबोर्डच्या काट्यावर एकदमच हलतात का, की ॲप मागे रेंगाळते. फ्युएल ट्रिम आणि फ्रीझ फ्रेम ही पाने उघडतात का. आणि शेवटी, गाडी खडबडीत रस्त्यावरून चालवत सोबतच्या माणसाला फोनकडे लक्ष ठेवायला सांगावे. त्या फेरीत एकदा जरी संपर्क तुटला, तरी डबी बदलून मागावी.